नदीकाठच्या जुन्या इंग्रजी पबचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधल्या जुन्या शहरांत नदीकाठचा पब पाहायला गेले, की दर्शनी भिंतीवर किंवा पाटीवर एक साल बहुधा रंगवलेले असतेच. पाहणारा ते वाचतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. ते साल खोटेच असते असे म्हणता येत नाही. अडचण एवढीच, की ते नेमके कशाचे साल आहे हे पाटी सांगत नाही. त्या जागी पहिल्यांदा बिअर विकली गेली ते साल, आज उभ्या असलेल्या भिंती बांधल्या ते साल, विक्रीचा परवाना प्रथम कागदावर सापडतो ते साल आणि सध्याचे नाव लागले ते साल, अशी चार निरनिराळी साले एकाच पबची असू शकतात आणि त्यांच्यात दोनदोनशे वर्षांचे अंतर पडू शकते. त्यामुळे शोधाला निघण्यापूर्वी वहीच्या पानावर जागा, इमारत, परवाना आणि नाव असे चार रकाने आखून घ्यावेत, आणि जी माहिती मिळेल ती यांपैकी कोणत्या रकान्यात बसते हे ठरवल्याशिवाय लिहू नये.

लंडनमध्ये रॉदरहाइथला असलेला ‘मेफ्लॉवर’ हा पब या रकान्यांत भरून पाहिला, तर मुद्दा लगेच ध्यानात येतो. अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या मंडळींना घेऊन गेलेले मेफ्लॉवर जहाज १६२० साली याच परिसरातून निघाले, त्याचा कप्तान क्रिस्टोफर जोन्स रॉदरहाइथचाच रहिवासी होता आणि १६२२ साली त्याला पबजवळच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरण्यात आले. एवढे वाचून पबही त्या जहाजाच्या नावाने तेव्हापासून चालत आला असावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या काळी येथे ‘शिप’ नावाचे मद्यगृह होते असे परंपरा सांगते, अठराव्या शतकात पुन्हा बांधल्यावर त्याला ‘स्प्रेड ईगल अँड क्राउन’ हे नाव मिळाले, आणि ‘मेफ्लॉवर’ हे नाव १९५७ साली देण्यात आले. म्हणजे जागेचा मान सतराव्या शतकाचा, बांधकाम त्यानंतरचे आणि नाव आपल्या आजोबांच्या हयातीतले आहे.

आधी पाण्याकडून पाहावे

नदीकाठच्या पबची चौकशी रस्त्याकडून सुरू करणे ही माझ्या मते पहिली चूक आहे. आज आपण आत शिरतो तो दरवाजा रस्त्यावर असतो, पण या घरांचे गिऱ्हाईक कित्येक शतके पाण्यावरून येत होते. लंडनच्या शहरभागात थेम्सवर १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत लंडन ब्रिज हा एकच पूल होता. त्याआधी वरच्या अंगाला पटनीचा पूल १७२९ साली झाला होता, पण तो तेव्हाच्या शहरापासून फार दूर होता. पलीकडे जायचे, वर-खाली प्रवास करायचा, माल चढवायचा किंवा उतरवायचा, तर नाव करावी लागे आणि नावेसाठी घाटाच्या पायऱ्यांवर यावे लागे. नावाड्याची वाट पाहण्यासाठी, भरती येईपर्यंत थांबण्यासाठी आणि मजुरीचा हिशेब करण्यासाठी पायऱ्यांच्या डोक्यावर एक बसायची जागा आपोआप तयार होई. तीच पुढे पब म्हणून ओळखली गेली. १७१५ साली टॉमस डॉगेट या नटाने तरुण नावाड्यांसाठी सुरू केलेली आणि आजही चालू असलेली होड्यांची शर्यत लंडन ब्रिजजवळच्या ‘स्वान’ या मद्यगृहापासून चेल्सीच्या ‘स्वान’पर्यंत ठेवली होती, अंतर मोजायला नावाड्यांना घाट आणि पब यांपेक्षा जवळची खूण नव्हती.

म्हणून ओहोटीची वेळ पाहून निघावे. मध्य लंडनमध्ये मोठ्या भरती-ओहोटीच्या वेळी थेम्सच्या पातळीत सुमारे ७ मीटरचा फरक पडतो आणि पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटी त्याचे वेळापत्रक आगाऊ प्रसिद्ध करते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी पोहोचले, तर पाणी उतरत असते आणि परत फिरायला पुरेसा अवधी मिळतो. नवख्या माणसाने सुरुवात वॉपिंगपासून करावी, कारण वॉपिंग स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरात ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’, ‘कॅप्टन किड’ आणि ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ हे तीन पब एकाच काठावर भेटतात आणि तिघांची तीन तऱ्हेची गोष्ट आहे.

‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’च्या अंगाला एक अरुंद बोळ आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागेल इतकाच तो रुंद आहे. त्याच्या टोकाला पेलिकन स्टेअर्स नावाच्या पायऱ्या थेट नदीच्या पात्रात उतरतात. ओहोटीला त्या उघड्या पडतात; खालच्या पायऱ्या हिरव्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या असतात आणि त्यांच्या पलीकडे वाळू, विटांचे तुकडे, गंजलेले खिळे आणि पाण्याने गुळगुळीत केलेली हाडे पसरलेली दिसतात. पाठ फिरवून वर पाहिले, की पबची पाण्याकडची बाजू समोर येते, आणि रस्त्याकडून बेताचा वाटणारा हा पब प्रत्यक्षात नदीच्या अंगावर आलेले घर आहे हे तेव्हा कळते. वहीत तीन गोष्टी टिपाव्यात: पायऱ्या पबला चिकटून आहेत की थोड्या दूर, पायऱ्यांचे नाव पबच्या जुन्या नावाशी जुळते का, आणि पाण्याकडच्या भिंतीत माल ओढून घेण्यासारखे दार किंवा खांब आहे का. या पबला पूर्वी ‘डेव्हिल्स टॅव्हर्न’ म्हणत आणि ‘पेलिकन’ हेही त्याचे एक जुने नाव सांगितले जाते. पबचे नाव बदलले तरी पायऱ्यांनी जुने नाव जपले असे येथे घडले आहे. अन्य शहरांतही पायऱ्या, बोळ आणि धक्के यांची नावे पबच्या नावांपेक्षा जास्त टिकतात, हे लक्षात ठेवावे.

काठावर उतरताना घसरणार नाही अशी पादत्राणे असावीत, एकट्याने जाऊ नये आणि परतीच्या पायऱ्या कोणत्या हे आधी पाहून ठेवावे, कारण भरती फिरली की पाणी पाहता पाहता चढते. चिखलात मातीच्या चिलमींच्या पांढऱ्या दांड्यांचे तुकडे दिसतील. तंबाखू भरून विकलेल्या या चिलमी वापरून झाल्या की फेकून दिल्या जात आणि मद्यगृहांच्या मागे त्या ढिगाने सापडतात. तरीही त्या उचलू नयेत: थेम्सच्या काठावर वस्तू शोधायला किंवा उचलायला, अगदी पृष्ठभागावरचीही, पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो.

तेथे कोण बसत असे हे विचारावे

इमारतीपेक्षा गिऱ्हाईक आधी शोधावे असा माझा आग्रह आहे. पबचे नाव बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा धंदा सांगून जाते. ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’ हे नाव केंट परगण्यातल्या रॅम्सगेटच्या कोळ्यांमुळे पडले. ते आपली मासळी शेजारच्या वॉपिंग ओल्ड स्टेअर्सवर उतरवत. ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ हे नाव त्या घराजवळ नांगर टाकणाऱ्या, व्हिटबी बंदरात नोंदलेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ नावाच्या कोळशाच्या गलबतावरून आले.

हा कोळसा मात्र नीट समजून घ्यावा, कारण थेम्सच्या पबांचे अर्थकारण त्यात दडलेले आहे. ईशान्येकडच्या टाइन नदीवरून गलबते भरून कोळसा लंडनला येई आणि तो टोपल्यांनी उपसून काढण्यासाठी मजुरांच्या टोळ्या लागत. या टोळ्यांना काम मिळे ते पबमधून. पबचा मालकच मुकादमाचे काम करी, मजुरी त्याच्या हातून मिळे आणि जो त्याच्याकडे पुरेशी पीत नसे त्याला दुसऱ्या दिवशी काम मिळेलच याची शाश्वती नसे. आठवडाभर घाम गाळलेल्या माणसाच्या मजुरीतून बिअरचे पैसे आधीच कापून घेतले जात. याविरुद्धचा असंतोष जुना होता. १७६८ साली कोळसा उपसणाऱ्यांचे दंगे झाले, आणि शेवटी १८४३ साली संसदेने कायदा करून त्यांच्या भरतीसाठी पबपासून वेगळे कार्यालय स्थापन केले. नदीकाठच्या पबचे वर्णन करताना आपण शेकोटी, लाकडी तुळया आणि सूर्यास्त यांचीच चित्रे काढतो, पण या घरांच्या भिंती ज्या पैशावर उभ्या राहिल्या त्यात असा पैसाही होता, आणि ज्याला इतिहास लिहायचा आहे त्याने तो वगळता कामा नये.

मराठी वाचकाला येथे एक आपला धागाही सापडू शकतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर मुंबईहून भरती झालेले खलाशी असत. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि गोव्याचे लोक खानपानाच्या कामावर मोठ्या संख्येने होते. त्यांची जहाजे गोदीत थांबली, की ते शॅडवेल, लाइमहाउस या नदीकाठच्या वस्त्यांत राहत. लाइमहाउसच्या वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली आशियाई खलाशांसाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ उघडण्यात आले. उलट दिशेने पाहिले, तर ली नदीवरच्या बो येथील हॉजसनच्या भट्टीतली बिअर याच बंदरातून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला जात असे. ज्यांना या बाजूने शोध घ्यायचा आहे त्यांनी पबच्या आसपासची खानावळी आणि खोल्या देणारी घरे जनगणनेच्या कागदांत जरूर तपासावीत; ‘जन्मस्थान बॉम्बे’ अशी नोंद तेथे भेटू शकते.

इमारत कशी वाचावी

आत गेल्यावर पहिल्यांदा ज्या गोष्टीला आपण सर्वांत जुनी समजतो ती बहुधा सर्वांत नवी असते. लांबलचक काउंटर आणि त्यावरचे उभे दांड्याचे पंप यांशिवाय इंग्रजी पबची कल्पनाच करता येत नाही. पण तळघरातून बिअर वर खेचणाऱ्या पंपाचे पेटंट जोसेफ ब्रामाने घेतले ते १७९७ साली, आणि काउंटर सर्वत्र रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. त्याआधीचे एलहाउस, म्हणजे बिअर विकणारे घर, हे साधे राहते घर असे. गिऱ्हाईक घरच्याच खोलीत बाकावर बसे आणि पोऱ्या तळघरात जाऊन पिंपातून भांडे भरून आणी. म्हणून काउंटर, आरसे आणि नक्षीदार काचा यांवरून नजर काढून जमीन, चूल, जिना आणि तळघर यांकडे वळावे. ‘प्रॉस्पेक्ट’मध्ये जुन्यांतले जुने काय उरले आहे, तर पायाखालची दगडी फरशी. ती सुमारे चारशे वर्षांची मानली जाते. वरचे बांधकाम मुख्यतः नंतरचे आहे आणि काउंटरवरचा कथलाचा पत्रा दुर्मीळ असला तरी तो फरशीच्या वयाचा नाही.

लंडनपुरती एक फार उपयोगी खूण खिडक्यांत सापडते. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागाशी सपाट असेल, तर ती रचना जुन्या धाटणीची आहे. आगीचा धोका कमी व्हावा म्हणून १७०९ च्या कायद्याने चौकट सुमारे चार इंच आत घ्यायला लावली आणि १७७४ च्या कायद्याने ती विटांच्या आड जवळजवळ लपवायला लावली. सर्वांनी कायदा लगेच पाळला असे नाही, शिवाय खिडक्या बदलल्याही जातात, त्यामुळे या खुणेवरून नक्की साल काढू नये, पण अंदाज बांधता येतो. लाइमहाउसच्या नॅरो स्ट्रीटवरचा ‘द ग्रेप्स’ हा १७२० च्या सुमाराचा पब या दृष्टीने सावकाश पाहण्यासारखा आहे. चार्ल्स डिकन्सने १८६४-६५ मध्ये लिहिलेल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मधले नदीकाठचे मद्यगृह याच घरावर बेतलेले मानतात.

‘कॅप्टन किड’ पाहताना मात्र विशेष सावध राहावे. जाड विटांच्या भिंती, पाण्यावर उघडणाऱ्या खिडक्या, चाच्याचे नाव, हे सगळे पाहून तो सतराव्या शतकातला वाटतो. विल्यम किडला २३ मे १७०१ रोजी याच किनाऱ्यावर एक्झिक्युशन डॉक येथे फाशी दिले हे खरे आहे. पहिला दोर तुटला आणि त्याला पुन्हा लटकवावे लागले, हेही नोंदलेले आहे. पण पब सुरू झाला तो १९८० च्या दशकात, एका जुन्या गोदामात. इमारत जुनी, नाव त्याहून जुने आणि धंदा मात्र नवा, असे हे उदाहरण आहे. लंडनच्या गोद्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बंद पडत गेल्या आणि रिकाम्या गोदामांत घरे, कचेऱ्या आणि पब आले, हा खरे तर स्वतंत्र आणि तितकाच महत्त्वाचा इतिहास आहे.

कागद कसे शोधावेत

कागदांचा शोध नेहमी आजपासून मागे जात करावा. इंग्लंडच्या वारसा-इमारतींची अधिकृत यादी हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते, आणि त्यात इमारतीचा काळ व दर्जा तज्ज्ञांनी दिलेला असतो. पाटीवरचे साल आणि या यादीतला काळ यांची तुलना केली, की बऱ्याच वेळा अर्धे काम होते. आतल्या सजावटीबद्दल बिअरप्रेमींच्या काम्रा या संघटनेने ऐतिहासिक अंतर्भागांची जी यादी केली आहे तीही पाहावी.

त्यानंतर नकाशे घ्यावेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे बारीक तपशील दाखवणारे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्यांत पब ‘पी. एच.’ (पब्लिक हाउस) या दोन अक्षरांनी दाखवलेला असतो. १८८० च्या दशकापासून विमा कंपन्यांसाठी तयार झालेल्या गोडच्या नकाशांत विटांचे बांधकाम गुलाबी आणि लाकडी बांधकाम पिवळ्या रंगात असते. त्यामुळे पाण्यावर काढलेली लाकडी बाल्कनी तेव्हा होती की नव्हती, हे डोळ्यांनी पाहता येते. आणखी मागे हॉरवुडचा १७९० च्या दशकातला आणि रॉकचा १७४६ चा नकाशा आहे. त्यांत पायऱ्यांची नावे वाचता येतात. याच टप्प्यावर नाहीशा झालेल्या पबांचीही गाठ पडते. जोसेफ बॅझलगेटने १८६० आणि १८७० च्या दशकांत व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि चेल्सी हे बंधारे बांधून नदीला भिंत घातली, तेव्हा काठ पुढे सरकला, जुने घाट गाडले गेले आणि काठावरची कित्येक घरे पाडली गेली किंवा पाण्यापासून तुटली. पूर्वेकडच्या वॉपिंग, लाइमहाउस, रॉदरहाइथ या भागांत हे बंधारे आले नाहीत, आणि पाण्याला लागून असलेले पब आज तिकडेच जास्त का दिसतात याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता परवाने. येथे कायद्याची पाच साले पाठ असावीत, कारण कोणत्या काळात कोणता कागद असू शकतो हे त्यावर ठरते. १५५२ च्या कायद्याने एलहाउस चालवायला स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना आणि मुचलका आवश्यक केला. १७५३ च्या कायद्याने या मुचलक्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आणि १८२८ साली ते बंधन संपले. म्हणून या पंचाहत्तर वर्षांच्या नोंदी बऱ्याच जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत सापडतात. १८३० च्या बिअर कायद्याने कर भरणाऱ्या कोणाही घरमालकाला दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा दिली, दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची गरज उरली नाही, आणि काही महिन्यांतच देशभर हजारो बिअरघरे उघडली. १८६९ साली ती पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या ताब्यात आली. त्यामुळे १८३० नंतरच्या व्यापारी निर्देशिकेत ‘बिअर विक्रेता’ असे नुसते वर्णन असेल आणि पबचे नाव नसेल, तर ती नोंद टाकून देऊ नये. आजचा नावाजलेला पब तेव्हा असाच निनावी असू शकतो.

कागदांत पबच्या नावाने शोधण्यापेक्षा माणसाच्या नावाने शोधावे, हे मला सर्वांत उशिरा कळले आणि त्यात माझे पुष्कळ दिवस वाया गेले. नाव बदलते, एकाच रस्त्यावर एकाच नावाची दोन घरे असतात, पण मालकाचे नाव आणि त्यापुढे लागणारा ‘व्हिक्चुअलर’ (खाणेपिणे पुरवणारा) हा धंद्याचा शब्द कागदोपत्री सातत्याने येतो. निर्देशिकेतून मालकाचे नाव घ्यावे, ते १८४१ ते १९२१ च्या दर दहा वर्षांच्या जनगणनेत पाहावे, मग सन फायर ऑफिसच्या आग-विम्याच्या वह्या, कँटरबरीच्या धर्मन्यायालयातली मृत्युपत्रे आणि शेवटी ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ या काळातले खटल्यांचे वृत्तांत पाहावेत. हे वृत्तांत संगणकावर शब्द टाकून शोधता येतात. चोरीच्या एखाद्या क्षुल्लक खटल्यात मालकीण साक्ष देते, की भांडे कोणत्या खोलीतून गेले, तेव्हा दिवा कोठे लावला होता, आरोपी कोणत्या दारातून पळाला. घराची अंतर्गत रचना कळण्यासाठी याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

सतराव्या शतकात शिरायचे असेल, तर नाणी पाहावीत. सुट्या पैशांच्या टंचाईमुळे १६४८ ते १६७२ या काळात मद्यगृहांचे मालक आणि दुकानदार स्वतःचे तांब्या-पितळेचे टोकन पाडत. नखाएवढ्या त्या चकतीवर एका बाजूला पबचे चिन्ह, म्हणजे हंस, नांगर किंवा द्राक्षांचा घड, आणि दुसऱ्या बाजूला तीन अक्षरे त्रिकोणात असतात: वर आडनावाचे, खाली डावीकडे नवऱ्याचे आणि उजवीकडे बायकोचे. दारूचे घर हे नवरा-बायको दोघांचे असे, हे कोणत्याही कायद्याच्या कागदापेक्षा ही चकती स्पष्टपणे सांगते.

दंतकथेचे काय करावे

दंतकथा फेकून देऊ नये आणि गिळूही नये, ती तपासावी. सॅम्युअल पेपिसने २ सप्टेंबर १६६६ च्या रोजनिशीत लिहिले आहे, की लंडनची आग पाहताना पाण्यावर ठिणग्या सहन होईनात, तेव्हा तो बँकसाइडवरच्या एका छोट्या एलहाउसमध्ये गेला आणि अंधार पडेपर्यंत थांबला. तेथला ‘अँकर’ हा पब ते एलहाउस आपलेच असल्याचे सांगतो. पेपिसने मात्र नाव दिलेले नाही. पलीकडच्या काठावरच्या थ्री क्रेन्स या धक्क्याच्या समोर, एवढीच खूण दिली आहे. ‘अँकर’ त्या टापूत आहे, पण त्याची आजची इमारत साउथवर्कच्या १६७६ च्या आगीनंतरची आहे. त्यामुळे जागेच्या रकान्यात ‘शक्य’ असे लिहावे आणि इमारतीच्या रकान्यात ही कथा येऊ देऊ नये.

न्यायाधीश जेफ्रीजची कथा याहून गुंतागुंतीची आहे. बंडखोरांना निर्दयपणे फाशी देणारा हा माणूस राजा दुसरा जेम्स पळाल्यावर डिसेंबर १६८८ मध्ये वॉपिंगमध्ये खलाशाच्या वेषात पकडला गेला, येथवर इतिहास पक्का आहे. तो आपल्याच घरात सापडला असे ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’ सांगतो, तर ‘प्रॉस्पेक्ट’च्या मागे नदीवर फाशीचा दोर टांगून त्याचीच आठवण दाखवली जाते. एक्झिक्युशन डॉकच्या नेमक्या जागेबद्दलही असेच अनेक दावे आहेत. दोन घरे एकाच घटनेवर हक्क सांगतात तेव्हा घटना खरी आणि पत्ता संशयास्पद, असे धरून चालावे.

जुना साक्षीदार मिळाला तर त्याचे म्हणणे सालाशी ताडून पाहावे. जॉन स्टोने १५९८ साली लंडनचे वर्णन करताना वॉपिंगच्या फाशीच्या जागेजवळच्या काठाबद्दल लिहिले आहे, की चाळीस वर्षांपूर्वी तेथे एकही घर नव्हते आणि आता खलाशांना खाणेपिणे पुरवणाऱ्यांच्या वस्तीची सलग, घाणेरडी, अरुंद वाट झाली आहे. ‘प्रॉस्पेक्ट’ १५२० च्या सुमाराचा असल्याचे सांगतात. स्टो लिहितो ती फाशीची जागा ‘प्रॉस्पेक्ट’पासून थोडी पश्चिमेला आहे, म्हणून एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. पण पुरावा देण्याची जबाबदारी आता पाटीवर येते.

इतर शहरांत गेल्यावर

लंडनची पद्धत ब्रिस्टलला जशीच्या तशी लावली तर फसगत होते. किंग स्ट्रीटवरचा ‘लँडॉगर ट्रो’ १६६४ चा. वाय नदीवरच्या लँडोगो या वेल्श गावातून माल आणणाऱ्या ‘ट्रो’ या सपाट बुडाच्या होडीवरून त्याचे नाव आले. आज त्याच्याजवळच्या धक्क्यावर पाणी कायम एकाच पातळीवर असते, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पायऱ्या तेथे दिसत नाहीत. कारण १८०९ साली विल्यम जेसॉपच्या योजनेनुसार बंदराला दरवाजे बसवून पाणी अडवण्यात आले आणि भरतीची नदी नव्या कालव्यातून वळवली गेली. त्याआधी जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक येथवर पोहोचे आणि ओहोटीला जहाजे चिखलात कलंडत. म्हणून येथे १८०९ पूर्वीचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवूनच काठ पाहावा. डॅनियल डेफो आणि बेटावर एकटा राहिलेला अलेक्झांडर सेलकर्क यांची भेट या पबमध्ये झाल्याची कथा वर सांगितलेल्या दंतकथांच्या वर्गात ठेवावी.

यॉर्कला भरतीपेक्षा पूर महत्त्वाचा आहे. ऊझ नदीच्या किंग्ज स्टेथ या धक्क्यावरचा ‘किंग्ज आर्म्स’ दर काही हिवाळ्यांत पाण्यात जातो आणि आत, दाराजवळ, निरनिराळ्या पुरांच्या पातळ्या सालांसह नोंदलेल्या आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये ऊझ नेहमीच्या पातळीच्या ५.४ मीटर वर चढली होती. ती खूण पाहायला मान वर करावी लागते. अशा पबमध्ये इमारतीचे वय ठरवताना खालच्या मजल्यावरचे लाकूडकाम, फरशी आणि गिलावा यांवर विश्वास ठेवू नये, कारण ते अनेकदा बदलावे लागलेले असते. वरच्या मजल्याच्या तुळया आणि छप्पर दाखवण्याची विनंती करावी. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये, अरवेल नदीच्या काठी, नदीतून ५० हून अधिक माणसांना वाचवणाऱ्या मार्क ॲडीच्या नावाचा पब होता. जुन्या होड्यांच्या धक्क्यावर तो १९८१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०१५ च्या पुरानंतर बंद पडला. नदीकाठचे पब अजूनही पाण्यामुळे संपतात, हे अशा ठिकाणी गेल्यावर कळते.

पबमध्ये चौकशीला जायचे तर कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, गर्दी नसताना जावे. काहीतरी विकत घ्यावे. मद्य घेत नसल्यास लेमोनेड किंवा कॉफी मागायला अजिबात संकोच नसावा. तळघर दाखवाल का, असे थेट विचारावे, आणि भिंतीवरची जुनी छायाचित्रे चौकटीच्या मागे काय लिहिले आहे त्यासकट पाहू द्यावीत अशी विनंती करावी. शोध पूर्ण झाल्यावर चार रकान्यांचे ते पान, प्रत्येक नोंद कोठून घेतली हे लिहून, स्थानिक ग्रंथालयाच्या इतिहास विभागाला द्यावे. हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत सर्वसामान्य लोकांनाही छायाचित्रे आणि माहिती जोडता येते. तेथे देण्यासाठी रस्त्याकडचे छायाचित्र काढण्याची घाई करू नये, कारण ते बहुधा आधीच असते. ओहोटीची वेळ साधून, पायऱ्यांवरून, पाण्याकडच्या बाजूचे काढावे.